डब्यातले दात आणि काडेपेटीतली चिठ्ठी



आजच्या गप्पांची सुरुवात एका जुन्या पितळी डब्यापासून करू या. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत बडोद्याच्या एका ताईंना तो माळ्यावर सापडला. त्यांचे वडील नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षं कच्छमध्ये फिरले होते. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. डब्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले चाळीसेक टोकदार, काळपट-तपकिरी दगड होते. दगड कसले, दातच ते! ताईंनी मला फोटो पाठवले आणि विचारलं, "हे कुणाचे दात? बाबांनी इतकी वर्षं का जपले असतील? भाऊ म्हणतो, टाकून दे."

मी त्यांना लगेच कळवलं की हे दात मुशीचे, म्हणजे शार्कचे आहेत, फार फार जुने आहेत, आणि कृपा करून टाकू नका. पण सोबत एक उलटा प्रश्नही विचारला: "दातांबरोबर काही लिहिलेलं आहे का?" दोन दिवसांनी उत्तर आलं. डब्याच्या तळाशी एक काडेपेटी होती. तिच्यात तीन दात होते आणि पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी.

त्या चिठ्ठीत काय होतं ते शेवटी सांगतो. त्याआधी, त्या चाळीस दातांपेक्षा त्या एका चिठ्ठीने मला जास्त आनंद का झाला, ते सांगायला हवं. आजचा सगळा विषय तोच आहे.

आकाशातून पडलेल्या जिभा

असे दात माणसाला हजारो वर्षांपासून सापडत आले आहेत. पण ते दात आहेत हे मात्र फार उशिरा पटलं. युरोपात त्यांना 'जिभेचे दगड' म्हणत. रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलंय की हे दगड चंद्रग्रहणाच्या वेळी आकाशातून पडतात, असं लोक सांगतात. माल्टा बेटावर ते खूप सापडायचे. तिथले लोक म्हणत, की या सापांच्या जिभा आहेत, एका संताने शाप देऊन दगड केलेल्या. राजेरजवाड्यांच्या जेवणाच्या टेबलावर हे दगड टांगलेले असायचे. कुणी अन्नात विष घातलं तर दगडाने ते कळेल किंवा उतरेल, अशी समजूत होती.

मग आलं १६६६ साल. इटलीतल्या लिव्हॉर्नो बंदराजवळ मच्छीमारांच्या हाती एक प्रचंड शार्क लागला. तिथल्या राज्यकर्त्याने, म्हणजे ग्रँड ड्यूक फर्दिनांदो दुसरा याने, त्याचं डोकं फ्लॉरेन्सला मागवून घेतलं आणि आपल्या पदरी असलेल्या निल्स स्टेनसन या तरुण डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे दिलं. जग त्याला निकोलस स्टेनो या नावाने ओळखतं. स्टेनोने ते डोकं फाडून तपासलं, दात पाहिले, आणि त्याच्या लक्षात आलं की 'जिभेचे दगड' आणि हे दात यांत काही फरकच नाही. पुढच्या वर्षी त्याने ते छापून प्रसिद्ध केलं. असं म्हणणारा तो पहिला नव्हता. फाबिओ कोलोना या इटालियन अभ्यासकाने पन्नास वर्षं आधीच, १६१६ मध्ये, हे मांडलं होतं. पण स्टेनो तिथे थांबला नाही.

त्याला पुढचा प्रश्न पडला: समुद्रातल्या माशाचा दात डोंगरातल्या खडकाच्या आत कसा पोचला? याचं उत्तर शोधता शोधता १६६९ मध्ये त्याने मांडलं, की खडकांचे हे थर कधीकाळी पाण्याखाली साठलेला गाळ होते, आणि जे थर हलले-उलटले नाहीत त्यांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. आज शाळेतलं पोरही हे सांगेल, पण पृथ्वीचा इतिहास वाचायची पहिली किल्ली हीच. ती मिळाली एका दातामुळे, आणि तो दात कुठल्या थरात बसलाय हे पाहिल्यामुळे. दात आणि थर ही जोडी तेव्हापासूनची आहे. ती फुटली की अर्धी गोष्ट गेलीच म्हणून समजा.

दातच का उरतात?

आता तुम्ही विचाराल, की एवढा मोठा मासा, मग त्याचे दातच का सापडतात? सांगाडा कुठे गेला?

शार्क आणि पाकट यांच्या शरीरात खरं हाड नसतं. सांगाडा कूर्चेचा असतो. आपल्या कानाचा वरचा भाग चिमटीत धरून पाहा, साधारण तसल्या लवचिक पदार्थाचा. मासा मेला की कूर्चा लवकर कुजते. दाताचं तसं नाही. वरचं चकचकीत आवरण फ्लोरिनयुक्त खनिजाचं, फार टणक. आपण टूथपेस्टमध्ये फ्लोराइड शोधतो, शार्कला ते जन्मजात मिळालेलं आहे!

शिवाय दातांची संख्या बघा. आपल्याला आयुष्यात दोनदाच दात येतात. शार्कच्या जबड्यात दातांच्या एकामागे एक ओळी तयार असतात, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. हे मरेपर्यंत चालतं, आणि एकेक शार्क हजारो दात गाळतो. शार्क या पृथ्वीवर चाळीस कोटींहून अधिक वर्षं आहेत. आता करा हिशेब.

दात गाळात पुरला गेला की भोवतालच्या पाण्यातली खनिजं हळूहळू त्याच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतात. दाताला रंग येतो तो यातूनच. म्हणून लक्षात ठेवा, रंगावरून वय ठरत नाही. काळा दात जास्त जुना आणि पिवळट दात कमी जुना, असं काही नसतं. तो कसल्या गाळात पडून होता, एवढंच रंग सांगतो. अगदी पांढराशुभ्र दात किनाऱ्यावर मिळाला, तर तो बहुधा आजकालच्या माशाचा.

आपल्या देशात समुद्र कुठे कुठे होता

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर जरा नकाशा उघडा.

जैसलमेरच्या वाळवंटात जुरासिक काळातल्या खडकांतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या लोकांना शार्कचे दात मिळाले. २०२१ मध्ये त्यांतून एका नव्या जातीची नोंद झाली: स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. वय साधारण १६ ते १७ कोटी वर्षं. गंमत म्हणजे हे दात टोकदार नाहीत. शिंपले-कवचं फोडून खाणाऱ्या शार्कचे ते दात, भरडायच्या कामाचे, चपटे. टोकदार दातच शोधत फिरणारा माणूस त्यांना खडा समजून पुढे गेला असता.

तामिळनाडूत अरियलूर-पेरंबलूर भागात, कारई गावाच्या उघड्याबोडक्या मातीच्या घळींत क्रिटेशस काळातल्या समुद्राचे थर आहेत. अमोनाइटच्या शंखांसाठी ती जागा प्रसिद्ध आहे, पण शार्कचे दातही तिथून नोंदले गेलेत. पाँडिचेरीजवळच्या अशाच थरांतल्या माशांच्या अवशेषांवर इंग्लंडात फिलिप एगर्टन यांनी १८४५ मध्ये लिहिलं होतं.

ओडिशात बारीपदा आज समुद्रापासून चांगलंच आत आहे, पण तिथल्या मायोसीन काळच्या थरांत शार्कचे दात मिळतात. पश्चिम कच्छमध्ये इओसीन काळचे, म्हणजे चार-पाच कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. आणि इंदूरकर मंडळींनो, तुमच्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या बागच्या परिसरात, नर्मदेच्या खोऱ्यात, क्रिटेशस समुद्राच्या खुणा आहेत. तिथूनही शार्क आणि पाकटांच्या कुळातले दात नोंदले गेले आहेत.

मग पुणे, नाशिक, साताऱ्याला का नाही? कारण तिथे पायाखाली काळा कातळ आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. त्यात समुद्री माशाचे दात कुठून येणार? म्हणजे बघा, दात शोधायचे तर आधी खडक वाचायला लागतो.

शोधायचं कसं?

घाई करायची नाही, हा पहिला नियम. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या काठाला, घळीच्या पायथ्याशी नवी माती उघडी पडते. उन्हं तिरपी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, चाला. दाताची झिलई चमकते, भोवतालचा दगड चमकत नाही. तीन गोष्टी बघा: गुळगुळीत, चकाकणारं पातं. त्याखाली खडबडीत, सच्छिद्र मूळ. आणि भिंगातून दिसणारी कड, कधी सरळ, कधी करवतीसारखी दातेरी.

नजर बसवायची असेल तर स्टेनोने केलं तेच करा. मासळीबाजारात नेहमी मिळते ती लहान मोरी घ्या आणि डोकं टाकून न देता स्वच्छ करा. वरचे दात वेगळे, खालचे वेगळे, कडेचे बारीक, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की एकाच जातीचे पाच दात पाच जातींचे वाटायची चूक होत नाही.

बारीक दातांसाठी चाळण लागते. संमतीने आणलेली थोडी माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून हलक्या हाताने धुवायची, सावलीत वाळवायची. मग ती परातीत पसरून, आपण तांदूळ निवडतो तशी निवडायची, हातात भिंग घेऊन. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दात असेच मिळतात.

व्हिनेगर, लिंबू, साफसफाईचं ॲसिड यांतलं काहीही लावू नका. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. दात खडकात घट्ट असेल तर हातोडी उचलू नका. फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, संरक्षित जीवाश्म स्थळ इथून खडाही उचलायचा नाही. खाणीत किंवा कुणाच्या शेतात परवानगीशिवाय जायचं नाही. खचणाऱ्या दरडीखाली तर मुळीच उभं राहायचं नाही. आपल्याकडे अशा स्थळांच्या जतनासाठी खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सरकारी जमिनीवर पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म गोळा करायला परवाना लागतो, पण शार्कच्या दातांना त्यातून सूट आहे, कारण ते तिथे मुबलक आहेत. परदेशातले व्हिडिओ पाहून पोतं घेऊन निघणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या जागा थोड्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून नीट अभ्यासायच्या आहेत.

चिठ्ठी नसलेल्या दाताची गोष्ट

आता मुद्द्याचं. जागा न कळल्याने काय बिघडतं?

'मेगालोडॉन अजून जिवंत आहे' असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मेगालोडॉन म्हणजे 'मोठा दात', हे नाव लुई आगासी या शास्त्रज्ञाने दिलं. सर्वांत मोठे दात १८ सेंटिमीटरच्या आसपास, जवळजवळ वीतभर. मासा १५ ते २० मीटर किंवा त्याहूनही लांब असावा असे अंदाज आहेत, आणि ते जवळजवळ सगळे दात आणि थोडेसे मणके यांच्यावरूनच बांधलेले आहेत. तो साधारण ३६ लाख वर्षांपूर्वी नाहीसा झाला.

मग जिवंत असल्याची आवई आली कुठून? चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत पॅसिफिकच्या तळातून या माशाचे दात वर काढले होते. १९५९ मध्ये एका संशोधकाने त्यांच्यावर बसलेल्या मँगॅनीजच्या पुटाची जाडी मोजली, ते पूट कुठल्या वेगाने साठत असेल ते गृहीत धरलं, आणि वय काढलं: सुमारे ११ हजार आणि २४ हजार वर्षं. म्हणजे अगदी कालपरवाचं! पण गृहीत धरलेला वेगच भरवशाचा नव्हता. आणि पूट कधी चढायला लागलं यावरून दात कधी गळला हे ठरत नाही. दात कुठल्याही थरात बसलेला नव्हता, तळावर सुटा पडलेला होता. पुढे तज्ज्ञांनी ते वय नाकारलं, पण आवई अजून फिरतेच आहे.

दात टणक असतो, हीच इथे अडचण होते. जुन्या थरातून तो सुटतो, वाहत जातो आणि नव्या गाळात जाऊन बसतो. म्हणून 'सापडला' एवढं लिहून भागत नाही. खडकात रुतलेला होता की सुटा पडलेला, हे लिहावं लागतं.

आता उलट बाजूची गोष्ट ऐका. पनामामध्ये गाटुन नावाचे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. तिथे मेगालोडॉनचे दात मिळत, पण बरेचसे लहान. शौकिनांना लहान दात नको असतात. कातालिना पिमिएन्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिथल्या अवघ्या २८ दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मापं घेतली, दुसऱ्या ठिकाणच्या दातांशी ताडून पाहिली, आणि लक्षात आलं की हे बहुतेक पिल्लांचे आणि अर्धवट वाढलेल्या माशांचे दात आहेत. तो उथळ समुद्र म्हणजे या राक्षसी माशाचं बाळघर असावं! कुणी त्यांतले मोठे तेवढे निवडून नेले असते, किंवा सगळे एका बरणीत दुसऱ्या गावच्या दातांत मिसळले असते, तर हे कधीच कळलं नसतं.

२०२३ मध्ये तर दातांच्या रसायनावरून मेगालोडॉनच्या शरीराचं तापमानही काढलं गेलं: सरासरी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास, भोवतीच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंश जास्त. भोवतीचं पाणी किती गार होतं हे कसं कळलं? त्याच काळात, त्याच पाण्यात राहिलेल्या इतर जिवांच्या अवशेषांवरून. पुन्हा तेच, जागा आणि थर.

बाजारात याचं उलटं चालतं. तिथे किंमत आकाराची आणि चकाकीची. मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतून येणाऱ्या दातांत एकाचं पातं आणि दुसऱ्याचं मूळ चिकटवलेले नग सर्रास विकले जातात. विकत घ्यायचा मोह झालाच, तर आधी विचारा, "हा कुठल्या जागेचा?" उत्तर नुसतं देशाचं नाव असेल, तर तुम्ही एक शोभेची वस्तू विकत घेताय, एवढं समजून घ्या.

चिठ्ठीत काय लिहायचं?

फार काही नाही. पाच ओळी.

१. जागा: गाव, ओढा किंवा टेकडी, आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश.
२. थर: रंग, माती की दगड, सोबत काय दिसलं, ओळखीच्या खुणेपासून किती वर किंवा खाली.
३. रुतलेला की सुटा.
४. तारीख.
५. कुणाला सापडला.

दात उचलण्याआधी शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा. प्रत्येक दाताला वेगळी पुडी आणि वेगळा क्रमांक. तोच क्रमांक वहीत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. आणि घरी जाऊन लिहू म्हणू नका, तिथेच लिहा. संध्याकाळपर्यंत चार ओढे एकसारखेच दिसायला लागतात.

काही वेगळं दिसलं, तर जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला फोटो दाखवा. हातातला दात द्यावा लागला तर वाईट वाटतं, मला मान्य आहे. पण आपल्या कपाटात तो आपल्यापुरता राहतो. संग्रहालयात तो आपल्यानंतरही कुणाच्या तरी उपयोगी पडतो.

ताईंच्या बाबांची चिठ्ठी

तर काडेपेटीतली ती चिठ्ठी. त्यात लिहिलं होतं: एका ओढ्याचं नाव, 'पूर्व काठ', 'नाण्यांसारखे गोल चपटे जीव असलेली पिवळट चुनखडी', 'त्यातच बसलेले, स्वतः काढले', आणि खाली तारीख, १९७८ सालची. झालं. कच्छचे खडक ओळखणाऱ्या माणसाला 'नाण्यांसारखे जीव' म्हटलं की पुरेसं. ते न्युमुलाइट. कुठले थर तपासायचे, याची दिशा लगेच ठरते.

मी ताईंना विचारलं, "बाबांची एखादी जुनी डायरी आहे का?" त्यांच्या आईने ती लगेच काढून दिली. रोजच्या खर्चाची साधी खिशातली डायरी: चहा, बसभाडं, आणि मध्येच एखादी ओळ, 'दात २, काळी माती, ओढा'. ज्या वर्तमानपत्रांत दात गुंडाळले होते त्यांच्या तारखा ताईंनी डायरीशी जुळवत नेल्या. चाळीसपैकी नऊ दात बऱ्यापैकी भरवशाने जागेवर बसले. काडेपेटीतले तीन धरून बारा. ते बारा दात आणि डायरीची प्रत त्या आता एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला देणार आहेत.

उरलेले अठ्ठावीस? त्यांची जागा आता कुणीच सांगू शकणार नाही. पण तेही वाया जाणार नाहीत. ताईंची बहीण शाळेत शिकवते. ते दात तिच्या वर्गात मुलांच्या हातात फिरतील. पातं कुठलं, मूळ कुठलं, कड दातेरी की साधी, हे शिकायला चिठ्ठी लागत नाही.

ताईंचा शेवटचा निरोप वाचून दाखवतो: "डब्यावर आता बाबांचं नाव घातलंय. आणि भावाने काल फोन करून विचारलं, यातला एक मला मिळेल का?"

मंडळी, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल, तर आधी दात बघू नका. तळाशी चिठ्ठी आहे का, ते बघा. आणि ज्याने गोळा केले तो माणूस घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "हा कुठला? हा कुठला?" आणि लिहून घ्या.